अंगणातला गिअरबॉक्स

शुक्रवारी सकाळी शेडच्या अलीकडच्या चढावर गाडी नुसती गुरगुरली आणि जागच्या जागी राहिली. इंजिन गळा फाडून ओरडत होतं, चाकं काही हलायला तयार नव्हती. मागे कोंबून बसलेल्या सात बायांच्या नाकात जळका वास शिरला. रबर, केस आणि मेलेला उंदीर एकत्र पेटवल्यासारखा.

"डॉक्टर, तुमचा पेशंट गेला बघा," मागून बुटकी म्हणाली.

बाया खदखदल्या. पुढे नवऱ्याशेजारी बसलेली डॉक्टरीण तेवढी हसली नाही. वास जळालेल्या क्लचचा आहे हे तिला नवऱ्याच्या आधी कळलं होतं. आठ दिवस गाडी चढावर दमत होती, आठ दिवस ती सांगत होती आणि आठ दिवस तो म्हणत होता, "थंडीनं होतं."

डॉक्टर म्हणजे काही शिकलेला डॉक्टर नव्हे. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि कुठं दुखतंय ते सांगायचं, यावरून गावानं नाव ठेवलेलं. ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रं, काहीही आणा. हात खरोखर चांगला होता. पण गाव त्याच्याकडून काम करून घ्यायचं ते एका चहावर, आणि वर "डॉक्टर, तुम्ही शहरात असता तर" म्हणायचं. तो त्या वाक्यावर चार-चार दिवस खूष असायचा. शाळा त्यानं तिसरीत सोडली होती. सही यायची. बाकी अक्षरांशी त्याचं जमलं नाही. तेलाचे डबे तो रंगावरून ओळखायचा, सुटे भाग वजनावरून आणि वासावरून. हे घरात दोघींना माहीत होतं, बायकोला आणि आईला. दोघींनी त्यावर कधी शब्द काढला नव्हता.

आठ बाया रिमझिम पावसात चढ चालून शेडच्या गेटवर पोचल्या तेव्हा बटाटे निवडायचा पट्टा सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. मुकादम गेटवरच छत्री धरून उभा.

"या राणीसाहेब, या. अर्धा दिवस मांडतो सगळ्यांचा."

"साहेब, गाडी..."

"गाडी तुमची, रस्ता तुमचा. बटाटा माझा. तो थांबत नाही." मग मागून चिखलानं भरलेला डॉक्टर आला, त्याच्याकडे वळून म्हणाला, "सोमवारी सातला गाडी गेटवर दिसली पाहिजे. माझ्या मेहुण्याची व्हॅन घरी कोंबड्या बसायला ठेवलीय."

हंगाम चाळीस दिवसांचा. बारा दिवस झाले होते. बाया आणायची-न्यायची फेरी ज्याच्याकडे, त्याच्याकडे ती हंगामभर राहायची, आणि पुढच्या हंगामालाही त्यालाच विचारायचे. फेरी गेली तर ती गाडी म्हणजे अंगणातलं लोखंड. घरी गाडी असली की लोकांना वाटतं, यांची गरिबी गेली. गरिबी कुठं जाते? पूर्वी ती चालत यायची, आता पुढच्या सीटवर बसून येते.

शहरातल्या गॅरेजवाल्यानं फोनवर सांगितलं, आठ दिवस हात लावणार नाही, रांग आहे. डॉक्टर म्हणाला, "तू नको लावू. मी आहे."

शनिवारी एका ट्रॅक्टरनं गाडी ओढून अंगणात आणून टाकली. चार दिवसांच्या पावसानं अंगण लापशीसारखं झालेलं. जॅक लावला की जॅकच जमिनीत उतरायचा. दगड लावला, दगड उतरला. डॉक्टरनं इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ जाऊन न्हाणीघराचं दार बिजागरीतून उचलून काढलं.

"अरे मुडद्या, मी अंघोळ कुठं करू?" आतून म्हातारी ओरडली. तिच्या अंगावर पाणी पडलेलं.

"दोन दिवस आई."

"दोन दिवस गावाला दाखवू का मी?"

डॉक्टरिणीनं धावत जाऊन तिथं पोतं अडकवलं. वाऱ्यानं ते पोतं एकदा आत, एकदा बाहेर. म्हातारी पाठमोरी बसून, दोन्ही हातांनी छाती झाकून, भिंतीकडे तोंड करून अंग पुसत राहिली. सत्तरीच्या बाईनं आयुष्यभर जपलेला एवढासा आडोसा, तो गेला जॅकखाली.

नवरा-बायको गाडीखाली शिरले. न्हाणीच्या दाराची एक बाजू जॅकखाली, उरलेल्या बाजूवर तो झोपला. ती चिखलावर टाकलेल्या खताच्या रिकाम्या गोणीवर. वरून गंजाचे पापुद्रे डोळ्यात पडत होते. तिनं पदर कपाळाला घट्ट बांधला. तो हात पुढं करायचा, "सतराचा," आणि ती पाना द्यायची. "एकोणीस. नाही, वाकड्या मानेचा." नऊ वर्षांत तिला सगळे पाने अंधारातही ओळखू यायला लागले होते. तोंडानं कौतुक त्यानं कधी केलं नाही, पण दुसऱ्या कुणाला तो गाडीखाली घेत नव्हता, हे तिला दिसत होतं आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

मागचा दांडा सुटला. तारा सुटल्या. शेवटचे दोन बोल्ट निघताना त्यानं सांगितलं, "शेपटाकडून गुडघे लाव. वजन येईल. घाबरू नको." मणभराचा गिअरबॉक्स इंजिनापासून सुटून तिच्या नडग्यांवर आला तेव्हा तिच्या पोटातलं सगळं पाठीला टेकलं. इंचाइंचानं दोघांनी तो खाली घेतला. मग ती बाहेर येऊन भिंतीशी ओणवी झाली आणि बराच वेळ तशीच राहिली. म्हातारीनं तिच्या हातात तांब्या दिला.

बॉक्सच्या आडची जळकी क्लच प्लेट निघाली होती. नवी शहरातून आली होती, एका शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर, पुठ्ठ्याच्या खोक्यात.

रविवारी सकाळी ती बसवायची होती. पाऊस थांबला होता. शेजारचा पंपवाला तंबाखू मळत कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसला. कुणी काम करायला लागलं की हा माणूस बसायला यायचा. डॉक्टर खाली झोपून हात वर करून होता. डॉक्टरिणीनं खोकं फोडलं, प्लेट कोरड्या फडक्यानं पुसली. ताटाएवढी तबकडी, मध्ये स्प्रिंगा, एका बाजूला त्या जास्त वर आलेल्या. कडेला बारीक अक्षरं ठोकलेली. ती सातवीपर्यंत शिकलेली. अक्षरं एकेक लावून तिनं वाचली आणि प्लेट तशी फिरवून त्याच्या हातात दिली.

"ही बाजू इंजिनाकडं. यावर लिहिलंय तसं."

त्यानं प्लेट घेतली. अंगठा स्प्रिंगांवरून फिरवला. मग उलटी केली.

"अहो, तशी नाही. लिहिलंय ना, ही बाजू..."

"लिहिलंय, लिहिलंय! जुनी मी काढली ना? स्प्रिंगा कुठं होत्या माझ्या हाताला माहीत आहे." जुनी प्लेट काढताना ती त्याच्या हातून चिखलात पडली होती आणि कशी होती ते त्याला आठवत नव्हतं, हे तिनं पाहिलेलं. "तू चुलीकडं बघ."

पंपवाला भिंतीवरून खिदळला. "डॉक्टर, आता कंपाउंडर औषध लिहून द्यायला लागला का?"

डॉक्टरही हसला. गाडीखालून, तोंडात बोल्ट धरून, पंपवाल्याला साथ द्यायला हसला.

त्या हसण्यानं तिच्या आत काहीतरी थंड झालं. प्लेट अजून हातात होती त्याच्या. एक बोट लावून सांगता आलं असतं, हात धरून थांबवता आलं असतं, पंपवाला गेल्यावर हळूच बोलता आलं असतं. ती बोलली नाही. बसव, तिनं मनात म्हटलं. बसव उलटी. एकदा पड तोंडावर, सगळ्यांसमोर पड. तो प्लेटमध्ये लाकडी खुंटी घालून मधोमध बसवत होता, सहाच्या सहा बोल्ट एकाआड एक आवळत होता, आणि ती न चुकता पाने देत होती. तोंडावर तो पडणार होता; पण गिअरबॉक्स पुन्हा उचलायला गुडघे तिचेच लागणार होते, हे त्या रागात तिच्या डोक्यात आलं नाही.

बॉक्स चढवायला दुपारचे तीन वाजले. बॉक्सचा पुढचा दांडा प्लेटच्या दात्यांत जाता जाईना. पाच वेळा वर, पाच वेळा खाली. तिच्या नडग्यांवरची कातडी सोलून निघाली. सहाव्या वेळेला गेला. पंपवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

चारला डॉक्टरनं चावी फिरवली. इंजिन लागलं. त्यानं क्लच दाबला, गिअर टाकला.

कर्रर्रर्र.

पुन्हा दाबला, तळापर्यंत. कर्रर्रर्र. दात खाल्ल्यासारखा आवाज. क्लच दाबला तरी इंजिन आणि चाकं एकमेकांना सोडत नव्हती. पंपवाला उतरून घरी गेला, जाताना एवढंच म्हणाला, "बघा, काहीतरी राहिलंय आत." संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

डॉक्टरनं तार ताणली. तार सैल केली. पेडल खोललं, पुन्हा जोडलं. तेल घातलं. खाली शिरला, बाहेर आला. त्याला चारच्या पहिल्या आवाजातच कळलं होतं. कानाचा माणूस होता तो. तरी उजेड असेपर्यंत तो तारेशीच खेळत बसला, कारण तार बाहेरून दिसते आणि प्लेट आत असते. दिवेलागणीला घरात आला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. ताट तसंच राहिलं.

सोमवारी साडेसहाला बाया अंगणात हजर. डबे काखेत, डोक्याला फडकी. डॉक्टर गाडीखाली होता, गिअरबॉक्सचे बोल्ट पुन्हा निघत होते.

"हे काय गं? पोट अजून फाडलेलंच?" बुटकी म्हणाली.

"आजचा दिवस," डॉक्टरीण म्हणाली. "उद्या सुटेल."

"आणि आम्ही काय आज बटाट्यांना निरोप पाठवू?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणालाच आधी बोलायचं नव्हतं. फाट्यावर पांढरी व्हॅन उभी आहे हे त्या येतानाच पाहून आल्या होत्या. शेवटी एकीनं डबा या काखेतून त्या काखेत घेतला आणि वळली. बाकीच्या मागोमाग. बुटकी मात्र थांबली. जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "तू तरी चल. पट्ट्यावरची जागा रिकामी दिसली की तो दुसरीला उभी करतो. तुला माहीत आहे."

डॉक्टरिणीनं हात पुसले. एक पाऊल टाकलंही असेल. गाडीखालून आवाज आला, "ही गेली तर खाली कोण झोपेल? तू झोपतेस?"

"तुमच्याशेजारी? मेले तरी नाही," बुटकी म्हणाली आणि बायांच्या मागे पळाली.

गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरला. काल नवी कोरी असलेली प्लेट बाहेर आली, तर तिच्या स्प्रिंगा इंजिनाच्या चाकाला घासून चकाकत होत्या, आणि चाकावर गोल ओरखडा उठला होता. डॉक्टरनं बायकोकडे पाठ केली आणि प्लेट फिरवली. हातांची हालचाल तिला त्याच्या खांद्यावरून दिसली.

"प्लेटच तशी होती," तो म्हणाला.

"कशी?"

त्यानं हात मागे केला. "खुंटी दे."

या वेळी पाऊस होता. गाडीखाली पाण्याचे ओघळ येत होते, तिची पाठ गोणीसकट भिजली. सोललेल्या नडग्यांवर पुन्हा तेच वजन. वर, खाली. वर, खाली. चौथ्यांदा शेपूट घसरायला लागलं म्हणून तिनं उजवा हात घातला, आणि नेमका तेव्हाच दांडा दात्यांत गेला. बॉक्स गपकन पुढे सरकला आणि वर उचलला गेला. तिचं मधलं बोट बॉक्स आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये सापडलं.

आवाज निघालाच नाही. नुसती हवा निघाली.

"बोट," ती म्हणाली. "बोट. खाली घ्या."

डॉक्टरनं मान वळवून पाहिलं. त्यानं पाहिलं, हे तिनं पाहिलं. आणि तो म्हणाला, "हलू नको. बसलाय. खाली आला तर पुन्हा निघेल. दोनच बोल्ट पकडू दे."

"अहो..."

"दोनच. धर."

तिनं धरलं. गुडघ्यांनी, कमरेनं, दातांनी धरलं. तो पहिला बोल्ट बोटांनी फिरवत होता, घाईत आटे चुकत होते, त्याची बोटं ग्रीसनं घसरत होती. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम तिच्या मनगटावर पडत होता. पहिला लागला. दुसरा खाली पडला, चिखलात गेला. त्यानं तो शोधला, शर्टाला पुसला. तिनं पत्र्यावरचा गंजाचा एक ठिपका पकडला आणि त्याच्याकडे बघत राहिली. दुसरा लागला. मग त्यानं पहार घालून पत्रा रेटला आणि बोट सुटलं. नख नव्हतं. टोक चपटं झालं होतं, चिंचोक्यासारखं, काळं.

म्हातारीनं मिठाच्या पाण्यात बोट बुडवलं, जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. बाहेर पान्याचा आवाज येत होता. बाकीचे बोल्ट तो एकटाच आवळत होता.

"लिहिलेलं तू वाचलंस ते मी ऐकलं काल," म्हातारी म्हणाली.

"हो."

"मग दुसऱ्यांदा का नाही बोललीस?"

"बोलले ना आत्या."

"बोललीस, पण तो हसायच्या आधी. नंतर नाही बोललीस." म्हातारीनं गाठ मारली. "त्याला अक्कल नाही, मान्य. तुला तर होती. घर दोघांचं आहे ना गं?"

डॉक्टरीण बोटाकडे बघत राहिली. तिला या बाईचा खूप राग आला, कारण ती खरं बोलत होती आणि तिच्याच लेकाला हेच विचारायला बाहेर जात नव्हती.

मंगळवारी सकाळी गाडी सुरू झाली. क्लच मऊ पडत होता. गिअर आवाज न करता जागच्या जागी बसत होता. डॉक्टरनं अंगणातच दोन वेळा पुढे-मागे घेतली आणि त्याचा चेहरा चार दिवसांनी उघडला. "बस," तो तिला म्हणाला. "बघ आता." फाट्यावर येईपर्यंत त्यानं गरज नसताना सहा वेळा गिअर बदलले.

फाट्यावर व्हॅन उभी होती आणि बाया तिच्यात बसलेल्या होत्या. मुकादम बाहेर विडी ओढत होता. मेहुणा स्टिअरिंगवर.

डॉक्टरनं गाडी व्हॅनला लागून उभी केली. "साहेब, झाली. लोण्यासारखी झाली. बघा." आणि त्यानं क्लच दाबून पहिला टाकला, दुसरा टाकला, रिव्हर्स टाकला. पुन्हा पहिला. कुणी बघत नव्हतं. बायांपैकी दोघी मांडीवरच्या डब्याकडे बघत होत्या.

"सोमवार म्हणालो होतो मी," मुकादम म्हणाला.

"एक दिवस हो साहेब. झालं काय, हिनं प्लेट हातात उलटी दिली. बायकांना काय कळतंय त्यातलं. दोनदा उतरवावी लागली."

मेहुणा हसला. मुकादमही हसला. "बायकोला मेकॅनिक केल्यावर दुसरं काय होणार?"

बुटकीनं व्हॅनच्या खिडकीतून डॉक्टरिणीच्या पट्टीकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. डॉक्टरीण समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती.

"फेरी याच्याकडे राहील हंगामभर," मुकादम म्हणाला. "तुझी जागा मात्र धरलीय मी काल, बाई. येणार असशील तर व्हॅन निघतेय."

"मी सोडतो तिला," डॉक्टर म्हणाला.

"सोड. पण गेटच्या आत एकच गाडी. तू बाहेर उतरवलीस की ती चालत आत येणार, आणि पट्टा सातला सुरू."

तिनं डाव्या हातानं दार उघडलं. "बस खाली," तो दात आवळून म्हणाला. ती म्हणाली, "एकाचा तरी रोज पदरात पडू दे." आणि उतरली. व्हॅनमध्ये जागा नव्हती. ती दाराशी बायांच्या पायांत बसली.

व्हॅन निघाली. थोड्या वेळानं बुटकी म्हणाली, "मागून येतोय गं अजून." चढावरसुद्धा गाडी मागे होती, रिकामी, जराही न दमता. गेटवर पहारेकऱ्यानं व्हॅन आत घेतली आणि आडवा दांडा खाली टाकला.

पट्ट्यावर बटाटे आले. सडका बाजूला, चिरलेला बाजूला, हिरवा बाजूला. उजवा हात नुसता लोंबत होता. ती डाव्यानं निवडत होती आणि निम्मे सडके पुढे जात होते. बुटकी पुढच्या जागेवरून तिचे सडके उचलत होती.

नऊच्या सुमाराला पहारेकरी आत आला. "ए, तो तुझा कोण? त्याला सांग, दारात गाडी लावायची नाही. मालक येतील."

ती बाहेर गेली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. काच खाली होती.

"बाजूला घ्या म्हणतात."

"हं." तो हलला नाही. समोरच्या काचेवर पाणी ओघळत होतं. तिकडेच बघत म्हणाला, "तू वाचलंस ते मला ऐकू आलं होतं. खरं असणार हेही कळलं होतं."

तिनं पट्टीचा हात छातीशी धरला. वाटलं होतं, हे त्याच्या तोंडून ऐकलं की काहीतरी हलकं होईल.

"तुम्ही उलटी बसवत होता तेव्हा मी बघत होते," ती म्हणाली. "मुद्दाम बोलले नाही. म्हटलं, पडा तोंडावर."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. प्रथमच पाहिल्यासारखं, सावकाश, पट्टीपासून वर. काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. पहारेकऱ्यानं दांड्यावर काठी आपटली.

डॉक्टरनं क्लच दाबला. रिव्हर्स पडला, आवाजही झाला नाही. गाडी मागे गेली, वळली आणि उताराला लागली. ती आत आली. पट्टा चालूच होता आणि तिच्या जागेवर एक नवी बाई उभी होती.